बगूचं जावळ

प्रिय अस्पदात,

मिठवाला म्हातारा येऊन गेला. गाढवावरची गोणी उतरवायच्या आधी त्यानं गल्लीत मागेपुढे पाहिलं आणि तुझा निरोप माझ्या कानात सांगितला. निरोप कसला, एक प्रश्नच. त्या क्षणी माझ्या ओठांवर उत्तराचा एक शब्द आला होता, पण तो म्हाताऱ्याच्या तोंडी द्यायला मी धजावले नाही. मीठ घ्यायचं सोडून त्याला तसाच वाटेला लावला आणि दार लावून घेतलं. बरं झालं तो शब्द तोंडून निघाला नाही. आता बाबांनी आपल्या दोघांना शिकवलेली अक्षरं या कातड्यावर उतरवते आहे. तुझं वाचन कच्चं आहे. सावकाश वाच, पण शेवटपर्यंत वाच. अर्धं ऐकून घोड्यावर टांग टाकायची तुझी सवय मी लहानपणापासून बघते आहे, आणि या खेपेला त्या सवयीनं माझं घर बुडेल.

इथली हवा कशी आहे ते आधी सांगते. सिकंदर बाबिलोनमध्ये तापानं गेला अशी बातमी आली तेव्हा आमच्या गावातले यवन ढसाढसा रडले. तटावर, रस्त्यात, तालमीत, जिथं असतील तिथं बसून रडले. मग प्याले. मग एकेकाचं रडणं थांबलं आणि डोळे पश्चिमेकडे वळले. ज्यानं त्यांना इथं वक्षू नदीच्या काठी आणून बसवलं, 'इथंच राहायचं, इथंच मरायचं' असा हुकूम सोडला, तो हुकूम सोडणाराच उरला नाही. आता बाल्हीक देशातल्या सगळ्या गावांतले यवन एकत्र जमून घरी निघणार आहेत. घरी म्हणजे समुद्रापलीकडे. आमच्या गावची टोळी तुझ्या खिंडीखालून जाऊन मोठ्या सैन्याला मिळणार. आणि आम्ही त्यांच्या बायका? आमचं कोणी नावही काढत नाही. बाई सोबत नेणं जड, मुलगी नेऊन करायचं काय. पण मुलगा घोड्यावर पुढ्यात बसतो. शेजारच्या हुतोसाचा नवरा तर तिच्यादेखत मुलाच्या मापाची प्रवासाची टोपी शिवत होता, आणि ही वेडी त्याला सुईत दोरा ओवून देत होती. म्हणून मी तुला पहिला निरोप धाडला, की नवऱ्याचा मला भरवसा वाटत नाही, लिकोन माझ्या बगूला घेऊन जाईल.

भरवसा मला यवनांचा कधीच वाटला नाही, हे तू जाणतोस. त्यांनी आधी आपली गावं जाळली. मग त्यांच्या शेजारी नवी गावं बांधली, चौकोनी, सरळ रस्त्यांची. मग त्या गावांत राहायला आपल्या मुली मागितल्या. माझ्या लग्नात लिकोननं तलवार उपसून भाकरीचे दोन तुकडे केले तेव्हा बाबा केवढे दचकले होते, आठवतं? तुझा हात कट्यारीवर गेला होता. त्यांच्यात तो शकुन असतो, एका भाकरीचा घास दोघांनी खायचा. आपल्याकडं अन्नावर लोखंड उगारलं की ती धमकी. बाबांनी घाईघाईनं मला पुढं ढकललं आणि पुटपुटले, "खा बाई, खा. नाहीतर पुढचा तुकडा आपला." मी खाल्ला. नंतर अर्थ कळला तरी पहिली धडकी काही गेली नाही. लिकोन अजून भाकरी मोडताना सुरी शोधायला लागला की मी भाकरी त्याच्या हातातून काढून घेते आणि हातानं मोडून देते.

आणि त्यांच्या बाकीच्या गोष्टी काय थोड्या आहेत! इथं तालीम आहे, तिथं चांगले दाढीवाले बाप्ये अंगाला तेल फासून नागडे धावतात. त्यांच्या मुलखातल्या फळाचं तेल इथं मिळत नाही, म्हणून आपलं तिळाचं तेल नासतात. दारूत पाणी घालून पितात आणि वर आपल्यालाच रानटी म्हणतात. मुलांना गोळा करून त्यांची अक्षरं गिरवून घेतात. बाप बाल्हीक असला तरी चालतो, उलट जास्तच आनंदानं घेतात, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते. सणाला मुखवटे लावून नाटकं करतात. मी एकदा गेले होते. एक सैनिक बाईचा मुखवटा लावून मेलेल्या मुलासाठी असा रडला, असा रडला, की माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या. खेळ संपल्यावर बघते तर तोच गडी मुखवटा बगलेत मारून कांदा खातोय. त्या दिवशी मी मनाशी गाठ मारली, यवन रडला तरी खरं धरायचं नाही. आपल्या पोरींना मात्र हे सगळं आवडतं. हुतोसा भांडी घासताना त्यांची गाणी म्हणते. तलवारीनं घेतलेला मुलूख कधीतरी सुटतो रे, पण गोडीगोडीनं नेलेलं माणूस परत कसं आणायचं? मी हुतोसाला हे बोलून दाखवलं तर म्हणाली, "तुझं डोकं म्हणजे नुसतं कडू बदाम आहे."

लिकोन माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही. त्यानं माझ्यावर कधी हात उगारला नाही. आपली बोली मोडकीतोडकी बोलतो, तीही बायकांच्या लकबीनं, कारण शिकला माझ्याकडून. थंडीत आपल्यासारखी विजार घालतो आणि थ्रासोन येताना दिसला की आत पळत जाऊन काढून टाकतो, कारण त्यांच्यात विजार घालणारा पुरुष म्हणजे चेष्टेचा विषय. हा थ्रासोन लिकोनच्याच खोऱ्यातला. दोघं शेजारी शेजारी भाला धरून समुद्रापासून इथवर चालत आले. आता तोच इथल्या टोळीचा म्होरक्या झाला आहे. घरोघरी फिरतो, कोणी काय बांधाबांध केली ते बघतो, आणि ज्याची तयारी दिसत नाही त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसत हसत कारण विचारतो.

पण माझ्या संशयाचं मूळ बगूच्या केसांत होतं. तो जन्मला तेव्हा लिकोननं त्याला आपल्या वडिलांचं नाव दिलं, किनियास. मी बगदात म्हणते, घरात बगू. नावावरून आमचं वाजलं नाही. वाजलं ते जावळावरून. आपल्याकडं कसं, वेळेवर जावळ काढायचं, केस फडक्यात बांधायचे, पाण्यापासून आणि चुलीपासून लांब खड्डा करून मंत्र म्हणून पुरायचे, म्हणजे वाईटाच्या हाती लागत नाहीत. लिकोननं मला वस्तरा धरू दिला नाही. म्हणाला, "हे ठेवलेले केस. नदीचे." कोणत्या नदीचे? तर त्याच्या गावच्या, स्पेर्खिओस नावाच्या. त्यांच्या खोऱ्यात मुलाचे केस राखतात, आणि मग कापून नदीला वाहतात. मुलाला नदी वाढवते, म्हणून ते तिचं देणं. मी तिथंच काय ते ओळखलं. नदी तिकडे, केस इकडे; केस तिकडे जायचे तर पोरगं जाणार. चार वर्षं मी ते केस विंचरले, तेल लावलं, वेणी घातली, आणि प्रत्येक वेळी वाटायचं, दुसऱ्याच्या ठेवीची निगा राखते आहे. बगू वळवळ करायचा आणि मी उगाचच त्याच्यावर खेकसायची.

सिकंदर गेल्यावर तर मनातली पाल चुकचुकायची थांबेच ना. लिकोननं जोड्यांना नवे तळ लावून घेतले. सातू भाजायला लावले आणि थैल्या भरून ठेवल्या. बगूला पुढ्यात घेऊन नदीकाठानं घोडा दौडवायला लागला. "कशाला रे?" म्हटलं, तर म्हणे, "बसायची सवय हवी." कशाला सवय हवी ते सांगेना. थ्रासोनबरोबर तटाखाली कुजबुज चालायची आणि मी ताक घेऊन गेले की दोघं मूग गिळून गप्प. एकदा सहज विचारल्यासारखं लिकोननं विचारलं, "तुझा भाऊ खिंडीतच असतो अजून? माणसं किती?" मी म्हटलं, "भरपूर. आणि सगळ्यांचा नेम चांगला आहे." तो हसला. ते हसणं मी मनात कितीदा तरी उलटंपालटं करून पाहिलं, पण थांग काही लागला नाही.

अशा दिवसांत तुझा प्रश्न आला. 'खिंडीखाली तो माझ्या हाती लागेल. पोर काढून घेतो. बापाचं काय करू, मारू की सोडू? तुझ्या हातचं उत्तर बघेपर्यंत त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही.' तुला खरं सांगते, माझ्या ओठांवर आलेला शब्द 'मार' हाच होता. सोडलास तर तो पुन्हा येईल, पुन्हा पोर मागेल, असं मला वाटलं. म्हाताऱ्याला घालवून दिल्यावर मी चुलीशी बसले आणि तो शब्द मनात म्हणून पाहिला. लिकोन बाहेर बगूला त्यांच्या भाषेतलं काहीतरी म्हणायला शिकवत होता आणि दोघंही हसत होते.

दुसऱ्या दिवशी मी अंगणात तुतीची फळं वाळत घालत होते. हुतोसा धापा टाकत आली. "अगं, तू इथं फळं निवडत बस! तिकडे तुझा यवन नदीवर पोराचं डोकं भादरतोय!" मी म्हटलं, "आणि केस?" "केस नदीत सोडले गं बाई, नदीत! मी या डोळ्यांनी पाहिलं. वरून दारू ओतली, हात वर केले आणि काय काय पुटपुटला." ज्या पाण्यात आपण थुंकत नाही, हातसुद्धा भांड्यात पाणी काढून लांब जाऊन धुतो, त्या माउलीत कापलेले केस! हुतोसानं तर निकालच देऊन टाकला. "करणी आहे ही. आता पोर तुझं राहिलं नाही, लिहून ठेव." माझ्या डोक्यात वेगळंच आलं. वक्षू पश्चिमेकडं वाहते. त्यानं केस पुढं धाडले, म्हणजे पोराची वर्दी पुढं गेली. आता मागून हे दोघं जाणार. मी तशीच अनवाणी रस्त्यावर आले.

समोरून लिकोन येत होता, बगू त्याच्या खांद्यावर. भादरलेलं डोकं उन्हात चमकत होतं आणि पोरगा त्यावरून हात फिरवून खिदळत होता. मी भर रस्त्यात तोंड सोडलं. "बाटवलीस! माझी नदी बाटवलीस तू!" तो म्हणाला, "बाटवली? मी दिलं, फ्रेनी. घरात सगळ्यात चांगलं होतं ते दिलं." मी म्हटलं, "ते तुझ्या त्या नदीचे होते ना?" त्यानं बगूला खाली उतरवलं आणि रस्त्याच्या कडेला मटकन बसला. म्हणाला, "होते. पण तिनं याला एक घोट पाजला नाही. हा प्याला वक्षूचं. पडला वक्षूत, बुडता बुडता वाचला वक्षूत, हातपाय मारायला शिकला वक्षूत. मग देणं कुणाचं?" मी तोंडावर विचारलं, "तू जाणार नव्हतास?" मला वाटलं, नाही म्हणेल, त्याच्या सगळ्या देवांच्या शपथा घेईल. मी त्या खोट्या ठरवायच्या तयारीनंच उभी होते. तो म्हणाला, "जाणार होतो. बगूला घेऊन."

अस्पा, मी रडले. ज्याची भीती वाटत होती ते खरंच निघालं म्हणून रडले, आणि त्यानं ते लपवलं नाही म्हणूनही. मग तो बोलत राहिला. घोड्यावर बगूला पुढ्यात घेऊन तो त्याला स्पेर्खिओसची गोष्ट सांगायचा. उतार कुठं आहे, झाडं कुठल्या काठाला, पाणी कधी गढूळ होतं, मासे कुठं धरायचे. बगू ऐकायचा आणि बोट दाखवायचा, "ती बघ झाडं." आदल्या दिवशी सांगता सांगता लिकोन थांबला. त्याच्या लक्षात आलं की तो मघापासून वक्षूच सांगतो आहे. आपल्या गावची नदी डोळ्यांपुढं आणायला गेला, तर तिचं नाव तेवढं आलं, पाणी येईना. हे सांगताना त्याचा आवाज फुटला. मला तो कांदा खाणारा आठवला. म्हटलं, हाही मुखवटा नसेल कशावरून? केस कापून मला गाफील करायचं, आणि टोळी निघाली की पोर उचलायचं. घरी येऊन बगूच्या कमरेला माझ्या ओढणीचं टोक बांधलं आणि तसंच त्याला घेऊन दिवसभर वावरले. लिकोननं ती गाठ पाहिली आणि घोड्याला पाणी पाजायला निघून गेला.

मग थ्रासोन आला. नेहमीसारखा तयारी बघायला, दारातूनच लिकोनच्या नावानं ओरडत. बगू उंबऱ्यात खेळत होता. थ्रासोन त्याच्या डोक्याकडं बघून थबकला. त्यांच्या भाषेत विचारलं, केस कुठं? बगूनं नदीकडं बोट दाखवलं. अस्पा, माणसाचा चेहरा असा उतरलेला मी पाहिला नव्हता. लिकोन बाहेर आला, तोही विजारीतच. या खेपेला काढायला धावला नाही. थ्रासोन ओरडला, त्यांचं एवढं आता मला कळतं, "बापाच्या नदीचं देणं या चिखलाला दिलंस? लेका, आपण दोघांनी मिळून शपथ घेतली होती! तुझ्या पोराचे केस मी माझ्या हातानं पाण्यात सोडणार होतो!" आणि उभ्या उभ्या हमसून हमसून रडायला लागला. लिकोन जवळ गेला तर त्याला ढकलून दिलं. मग डोळे पुसले आणि अगदी गार आवाजात म्हणाला, "निघायच्या दिवशी रांगेत दिसला नाहीस, तर न्यायला मी स्वतः येईन." त्या येण्याचा अर्थ आम्हाला ठाऊक आहे. खालच्या आळीतला एक जण 'मी राहतो' म्हणाला, तर दुसऱ्या दिवशी तटाखाली पडलेला सापडला. पाय घसरला म्हणे.

तेव्हा माझी खात्री पटली. नवऱ्याच्या बोलण्यानं पटली नव्हती, ती त्याच्या मित्राच्या रागानं पटली. थ्रासोनला कोणी समजावून सांगावं लागलं नाही. बोडकं डोकं बघताक्षणी त्याला कळलं की लिकोन आता कुठं जाणार नाही. जोडे आणि सातू सुरुवातीला खरे होते, मग थ्रासोनच्या डोळ्यांत धूळ फेकायला तसेच ठेवले. संध्याकाळी मी नदीवर गेले, माउलीची क्षमा मागायला. काठाशी उभी राहून मंत्र म्हणू लागले आणि मनात आलं, चार वर्षांच्या पोराच्या केसांनी ही बाटत असेल, तर यवन आले त्या वर्षी तिनं आपली किती प्रेतं वाहून नेली, तेव्हा काय झालं होतं? क्षमा मी तरीही मागितली. मग घरी येऊन बगूच्या कमरेची गाठ सोडली आणि लिकोनला तुझ्या प्रश्नाबद्दल सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "मग खिंडीतच जाऊ. थ्रासोन तुझ्या भावाला भितो."

आज दुपारी सगळे यवन चौकात सभेला जमतील, तेवढ्यात लिकोन बगूला घेऊन नदीकडच्या दरवाजानं निघेल. मी मागं राहते. घर बंद दिसलं तर थ्रासोन त्यांना वाटेतच गाठेल. चूल पेटती ठेवीन, नवरा तापानं पडलाय म्हणून सांगेन, आणि टोळी गेली की मिठवाल्याबरोबर येईन. माझी काळजी करू नकोस, कडू बदाम सहजासहजी कोणी खात नाही. आता उत्तर. हे पत्र ज्यानं तुझ्या हातात दिलं तोच लिकोन आहे. आत्ता तुझ्यासमोर बगूचा हात धरून उभा असेल. आपली अक्षरं त्याला येत नाहीत. तुझी माणसं कशासाठी बसली आहेत आणि तू कशाची वाट बघतो आहेस, हे मात्र त्याला ठाऊक आहे. मी लिहिते आहे आणि तो शेजारी खोगीर आवळतो आहे. काय लिहितेस म्हणून एकदाही विचारलं नाही. मघाशी मीच उगाच म्हटलं, "यात काहीही असू शकतं हं." तर म्हणाला, "असू दे." त्यानं मला असं पत्र दिलं असतं तर मी पहिल्या वळणावर फोडलं असतं, आणि वाचून दाखवणारा भेटेपर्यंत पुढं पाऊल टाकलं नसतं. आता मी यावर शिक्का मारते आहे. तू तो नीट बघ. अखंड असला तर त्याला जवळ बसव, काहीतरी गरम खायला घाल. आणि फुटलेला असला, तर इतक्या वर्षांत त्याला माझा गुण लागला असं समज, आणि तरीही मारू नकोस.

तुझीच,
फ्रेनीताई